वाऱ्याचा डोळा

खिडकी हा शब्द बाईंच्या डोक्यातून मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास गेला. ओल्या हातातून पेला निसटावा तसा गेला, फक्त फुटल्याचा आवाज झाला नाही. शब्दकोशाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्या एकतीस वर्षं बसत होत्या. टेबलावर नोंदींची कार्डं मांडलेली, बाहेर वारा सुटलेला आणि एक झडप सारखी आपटत होती. दोन कार्डं उडाली, तिसरं सहायिकेनं हवेतच पकडलं. "अगं, ती लाव आधी," बाई म्हणाल्या. "कुठली?" सहायिकेनं विचारलं, कारण खोलीत लावण्यासारखी कपाटाची दारंही होती. "ती गं. ती..." बाईंनी बोट दाखवलं. वस्तू समोर होती. तिची गंजलेली कडी, वरच्या काचेतली बारीक भेग, काचेपलीकडची पाण्याची टाकी, सगळं लख्ख दिसत होतं. नाव तेवढं नव्हतं. बाईंनी जिभेनं नावाची जागा चाचपली आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी ती पोकळीत गेली. मग त्यांच्या तोंडून आलं ते असं: "वाऱ्याचा डोळा. वाऱ्याचा डोळा लाव."

सहायिका हसली. तिला वाटलं, बाईंची नेहमीची गंमत. ही सहायिका चाळिशीची, दोन्ही हातांनी खण चाळताना कार्ड दातात धरायची, म्हणून सगळी कचेरी तिला खारूताई म्हणे. बाईंच्या हाताखाली तिची बारा वर्षं गेली होती. इंग्रजीतल्या जुन्या, विरळ, वापरातून गेलेल्या शब्दांची पुरवणी हे बाईंचं काम. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला, हे आपल्या भाषेत. त्यामुळे विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, समुद्रावरून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांनी इंग्रजांच्या घरात ठेवून दिलेला शब्द, हे खारूताईला पाठच होतं. काच नव्हती त्या काळी भिंतीला एक भोक असे. त्यातून घर बाहेर बघे आणि वारा आत. हसत हसत तिनं कडी लावली, वळली, आणि बाईंच्या उजव्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली पडताना तिनं पाहिली. बाई पेन्सिलीकडे बघत होत्या. ती उचलावी असं त्यांच्या हाताला वाटत नव्हतं.

मेंदूतल्या एका बारीकशा रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले, पण ते बाईंच्या नवऱ्याला. बाई दोघांच्या मध्ये पलंगावर होत्या आणि बोलणं त्यांच्या अंगावरून इकडून तिकडे जात होतं. तिसऱ्या दिवशी बोटं हलली, आठवड्यानं हातात चमचा आला. शब्द मात्र आले नाहीत. सगळेच गेले होते असंही नाही. येणं, जाणं, बसणं, रागावणं ही क्रियापदं ठाकठीक होती. गेली होती ती नावं, आणि तीही रोजच्या वापरातली. उशी, चष्मा, दार, चप्पल. बाईंना वस्तू कळे, तिचा उपयोग कळे, आणि नावाशी आलं की पाय पायरीवर पडायच्या ऐवजी हवेत पडे. आणि त्या हवेत कधी कधी दुसरंच काही हाताला लागे. कार्ड तपासताना बाईंची एक सवय होती. वरचा शब्द अंगठ्याखाली झाकायचा आणि खालचा मजकूर वाचायचा. अर्थ आपल्या पायांवर उभा राहतो की नाही, हे बघायची त्यांची ती रीत. एकतीस वर्षं त्यांनी शब्द झाकले होते. आता झाकलेले शब्द बाहेर यायला तयार नव्हते आणि खालचा मजकूर मात्र घडाघडा येत होता. सुई दिल्यावर परिचारिकेनं विचारलं, "दुखतंय का काही?" बाई दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "लहान उंदीर दुखतोय." परिचारिकेनं आधी पलंगाखाली पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा ओशाळून म्हणाला, "ती कोशात काम करते," आणि हे अशा आवाजात की जणू तोही एक आजारच. खरं तर साधी गोष्ट होती. मसल, म्हणजे स्नायू, हा मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सुळकन पळतं, ते पाहून दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी उंदीर आठवला होता. त्या माणसाला कुणी रुग्णालयात टाकलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'असंबद्ध बोलणं'. मजकूर उलट्या बाजूनं वाचायची बाईंना सवय होती. त्यांनी तो वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "असंबद्ध... नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर प्रेमानं हसले आणि नवऱ्याला म्हणाले, "त्यांना फार बोलायला लावू नका."

घरी आल्यावर बोलायची गरजच उरली नाही, कारण नवरा बोलू लागला. हा गृहस्थ छत्तीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होता. साक्षीदार बोलतो तसं खुणांच्या लिपीत उतरवायचं, आणि तेही तो बोलून व्हायच्या आत. निष्णात लघुलेखकाला वाक्याच्या मध्यावरच शेवट दिसतो, असं तो सांगे. ती त्याची विद्या होती, तिच्यावर त्याला बढत्या मिळाल्या होत्या, आणि आता निवृत्तीत ती विद्या घरात मोकाट सुटली. बाई म्हणाल्या, "मला ते..." की तो म्हणे, "पाणी." पाणी हवं असेच. "आज जरा..." "पाय मोकळे करायचेत, चल." तेही खरंच असे. दहातली नऊ वाक्यं तो बरोबर पुरी करी. दहावं चुके, पण तोवर पाणी समोर आलेलं असे आणि बाई ते पिऊन टाकत. मुलीचा फोन आला की तो कानाला लावून म्हणे, "आई बरी आहे. आई म्हणते काळजी करू नकोस." बाई शेजारीच बसलेल्या असत. तिनं काळजी करावी असंच त्यांना वाटे. मुलीला मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटे की मी आत धडधाकट बसलेय गं, फक्त बाहेर येण्याचं ते सापडत नाहीये, ते, ज्याला कडी असते.

दुपारी तो झोपला की बाई खुर्चीत बसून आपली नावं मोजत. उजेड भिंतीवरून सरकायचा. त्याच्या सरकण्याला मराठी, इंग्रजी, लॅटिन या तिन्ही भाषांतली क्रियापदं त्यांना येत होती, भिंत मात्र येत नव्हती. अशाच एका दुपारी त्यांना ते जुनं वाक्य आठवलं. त्यांची स्वतःचीच चौतीस वर्षांपूर्वीची बैठकीची खोली, वडील मुद्दाम आत गेलेले, समोर हा उंच, कोट घातलेला तरुण, खिशात टोक केलेल्या तीन पेन्सिली. त्यानं विचारलं होतं, "तुमचं काय मत?" आणि बाईंनी सुरुवात केली होती, "मला वाटतं की..." तो हसून म्हणाला होता, "की हरकत नाही." किती सुरेख वाटलं होतं तेव्हा! आपल्या मनातलं कुणीतरी आपल्या आधी ओळखलं, या कल्पनेनं कानशिलं गरम झाली होती. त्या हसल्या, वडील बाहेर आले, ठरलं. पुढचा संसार काही वाईट झाला नाही, बरा झाला, बऱ्याच जणींपेक्षा चांगला झाला. पण वाक्याचा शेवट तो नव्हता. काय होता, ते बाईंना नीट माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. आता खुर्चीत बसल्या बसल्या तो शेवट दिसत होता. तो अजून तिथेच होता, कुणी न नेलेल्या सामानासारखा.

वाचा सुधारण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक वाचातज्ज्ञ मुलगी येई. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण दप्तर शाळकरी पोरीचं. तिनं पहिल्याच दिवशी टेबलावर चित्रं मांडली. कप, घड्याळ, चेंडू, बाहुली. "हे काय आहे बरं, आजी?" तिनं विचारलं, एकेक अक्षर वेगळं करून, आणि जरा मोठ्यानं. बाईंना इन्फन्ट आठवला. बाळ म्हणजे मुळात न बोलणारं. बोलता येत नाही एवढीच त्या शब्दाची अट, वयाचा उल्लेखच नाही. त्या हिशेबानं त्या साठाव्या वर्षी बाळ झाल्या होत्या. त्यांनी बाहुलीचं चित्र उचललं आणि पालथं घातलं. मग चेंडूचं. मग घड्याळाचं. "अगं, असं काय करतेस," नवरा कळवळून म्हणाला. मुलगी न रागावता म्हणाली, "करू द्या. त्या काहीतरी सांगताहेत." बाईंनी दप्तराकडे बोट केलं, त्यातून बाहेर डोकावणाऱ्या जाड पुस्तकाकडे, आणि म्हणाल्या, "मोठ्यांचं... दे." मुलीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडे हात केला. "बरं. ते काय आहे?" बाई तिकडे बघत राहिल्या. कपाळावर घाम आला. नवऱ्यानं ओठ उघडले. "वाऱ्याचा... डोळा," बाई म्हणाल्या, "उत्तरेकडून आलेला. समुद्रा... समुद्रावरून. विंडो. खि..." आणि तिथून, इतक्या दिवसांनी, मागच्या दारानं आल्यासारखा तो आला. "खिडकी!"

मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली. "तुम्ही हे मुद्दाम करता? असं आडवळणानं जाऊन शब्द गाठायचं?" बाईंनी मान हलवली. मुद्दाम नव्हे, पण आता मुद्दाम. "अहो, हेच तर मी शिकवायला आलेय," मुलगी नवऱ्याला म्हणाली, "लोकांना महिनोन् महिने जमत नाही. शब्द मिळत नसेल तर त्याच्या आजूबाजूनं फिरा, कशाचा, कुठला, कशासाठी. यांच्याकडे तर पायवाटा तयारच आहेत. तुम्ही फक्त एक करायचं, काका. शब्द पुरवायचा नाही. मनात वीस आकडे मोजा." नवऱ्यानं कबूल केलं. सात आकड्यांच्या पुढे तो कधी गेला नाही. त्याचाही इलाज नव्हता. समोर वाक्य अर्धं लोंबकळतंय हे त्याला बघवत नसे, काठावर बसलेलं मूल बघवू नये तसं. तरी त्या महिन्यात बाईंनी पुष्कळ मुलूख परत मिळवला. अडलं की कार्डाच्या खालच्या मजकुरात शिरायचं आणि वर यायचं. सुगावा हवा असला की क्लू, म्हणजे आधी सुताचा गुंडा, भुलभुलैयातून बाहेर यायला सोडलेला, मग सूत, मग सुगावा. कधी वर यायच्या ऐवजी त्या तिसरीकडेच निघत. एकदा त्यांनी नवऱ्याला 'पावाचा राखणदार' अशी हाक मारली. लॉर्ड या शब्दात तोच बसला आहे, घरातल्या पावाची राखण करणारा. नवरा दिवसभर मनातून खूश होता.

आणि मग तो फोन आला. बाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, नवरा गच्चीत उभा राहून हळू आवाजात बोलत होता. "हो साहेब. हो, तिचंही तेच म्हणणं आहे. एवढी दगदग आता नको. पुरवणीचं तुम्ही म्हणता तसं करा... नाही नाही, तिला वाईट नाही वाटणार." बाईंच्या हातात उशीचा अभ्रा तसाच राहिला. संध्याकाळी त्यानं टेबलावर कागद ठेवला, टंकलेखन करून आणलेला, समासासकट सुबक. प्रकृतीच्या कारणास्तव मला सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करावं. मला, मी, माझी. खाली सहीसाठी मोकळी जागा. "संचालक म्हणाले, तुझी इच्छा असेल तर पुरवणी वगळूनच कोश छापतील. र पासून पुढचं सगळं तपासायचं राहिलंय, ते दुसरं कोण करणार? तुझ्याच भल्यासाठी, अगं. तुला काय वाटतं ते..." आणि स्वतःच पुरं केलं, "तुला पटतंय, मला माहीत आहे."

बाईंनी पेन घेतलं. नवऱ्याला हायसं वाटलं. पण पेन सहीच्या जागेकडे गेलंच नाही, ते वरच्या ओळीवर उतरलं. बाईंनी पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि समासात मुद्रित तपासताना काढतात ती गाळण्याची खूण काढली. मग दुसऱ्या ओळीवर. रेघा वाकड्या जात होत्या, पण एकही ओळ सुटली नाही. अखेर सहीच्या मोकळ्या जागेत त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, 'हे माझं नाही.' नवरा दुखावला. आवाज न चढवता दुखावणारा तो माणूस. "मी काय तुझं वाईट चिंतेन? तुला बोलता येत नाही म्हणून तर मी बोलतोय. चौतीस वर्षं तुझ्या मनातलं मला..."

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"तेव्हाही... नाही. त्या दिवशी. बाबा आत होते. तुम्ही विचारलंत. मला वाटतं की..." त्या थांबल्या. नवऱ्याचे ओठ सवयीनं हलले. त्याला ते वाक्य लख्ख आठवत होतं, त्याचा शेवटही. इतक्या वर्षांत तो त्यानं किती जणांना कौतुकानं सांगितला होता. आणि मग तो थांबला, कारण बायकोच्या चेहऱ्यावर वेगळंच काही चाललं होतं. ती कुठेतरी खूप खाली उतरली होती आणि एकेक पायरी चढून येत होती. त्यानं आकडे मोजले नाहीत. पण तो गप्प राहिला, आणि खोलीत नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येऊ लागलं. "...की मला आधी," बाई म्हणाल्या, "नोकरी. एक वर्ष. मग तुम्ही." हे म्हणताना त्या रडल्या नाहीत. रडला तो, आणि तेही थोड्या वेळानं, चष्मा पुसायचं निमित्त करून. "मग म्हणाली का नाहीस?" "तुम्ही... संपवलंत." त्यानं तो रेघा मारलेला कागद दुमडला. मग म्हणाला, "उद्या कचेरीत जायचंय का?" आणि या वेळी उत्तर येईपर्यंत तो खरोखरच थांबला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाईंना भीती वाटली नाही असं नाही. शब्द हुकले तर? सगळ्यांसमोर तोंडाला कुलूप बसलं तर? आणि त्याहून वाईट, आपलंच चुकत असेल तर? मम्प्सिमस नावाचा एक शब्द त्यांच्या पुरवणीत होता. एक म्हातारा धर्मगुरू तीस वर्षं प्रार्थनेतला लॅटिन शब्द चुकीचा म्हणत आला होता. कुणी दुरुस्त केलं तेव्हा तो म्हणाला, तुमच्या नव्या बरोबर शब्दासाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही. चूक कळूनही न सोडणाऱ्या माणसाला तेव्हापासून इंग्रजीत ते नाव पडलं. खारूताईनं एकदा विचारलं होतं, "बाई, हा शूर की मूर्ख?" बाईंनी तेव्हा नोंद तेवढी लिहिली होती. पुढच्या बाकाच्या पाठीवरच्या दांडीला धरून त्या स्वतःला विचारत होत्या, की डोकं जायबंदी झालेल्या बाईनं हजारभर मेलेले शब्द घट्ट धरून ठेवणं ही नेमकी कुठली जात? आणि त्याच वेळी आतून कुणीतरी दातओठ खात म्हणत होतं, असेल मूर्खपणा, पण माझा आहे.

संचालक तसे सज्जन. शर्टाला सुरकुती नाही, बोलण्याला सुरकुती नाही, म्हणून कचेरीत त्यांना पाठीमागे इस्त्री म्हणत. त्यांनी उठून बाईंना खुर्ची दिली आणि बोलू लागले ते थेट नवऱ्याशी. "मी तुमच्या भावना समजतो. पण व्यवहार बघा. लोकांना हवेत चालू शब्द. हे बघा," त्यांनी खारूताईनं आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं वरचंच कार्ड उचललं, "रिस्पेअर. सहाशे वर्षांपूर्वीचा, आणि संपूर्ण इंग्रजीत एकदा, एकाच हस्तलिखितात सापडलेला. एकदा! असा शब्द कुणाला लागणार? बाई, तुम्हीच सांगा." आणि लगेच पुढे, समजुतीच्या सुरात, "जाऊ द्या, ताण नका घेऊ. त्यांचंही मत साधारण हेच असणार..."

बाईंनी हात वर केला. रस्त्यावर वाहनं थांबवतात तसा, तळवा पुढे करून. संचालकांचं वाक्य तिथेच थांबलं. नवऱ्यानं श्वास घेतला होता तो तसाच कोंडून धरला. खारूताई दारात कार्ड दातात धरून उभी होती. बाईंना रिस्पेअर ठाऊक होता, त्याचं कार्ड त्यांनीच लिहिलं होतं. निराशा संपून आशा परत येते, ती परत येण्याची वेळ. डिस्पेअरला इंग्रजीत जागा मिळाली, परतीच्या शब्दाला कुणी विचारलं नाही. पण हे सगळं एका बाजूला होतं आणि त्यांची जीभ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ती नेहमीची हवा. त्या खाली बघत नव्हत्या. संचालकांच्या डोळ्यांत बघत होत्या. घड्याळाचा काटा सरकला. संचालकांनी पेन उघडलं, मिटलं. दुसऱ्याचं न आलेलं वाक्य सहन करणं किती अवघड असतं, हे बाई पहिल्यांदाच समोरून बघत होत्या, आणि त्यांना त्यात एक दुष्ट आनंद झाला. बसा. थांबा. मी रोज थांबते.

"एकदा," त्या म्हणाल्या. "एकदा... लागला होता."

संचालकांनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"एका माणसाला. त्याच्याकडे दुसरा नव्हता. म्हणून... केला. एकदा लागला म्हणजे... लागतो." त्यांनी श्वास घेतला. आता उतार लागल्यासारखा झाला होता. "आणि डम्ब. डम्बचं काढ गं." खारूताईनं तोंडातलं कार्ड काढलं आणि कपाटाकडे धावली. तो पुरवणीतला नव्हे, मुख्य कोशातला शब्द, ड च्या खणातला. तिनं तो आणून टेबलावर ठेवला. बाईंनी वरच्या शब्दावर अंगठा ठेवला. "आधी अर्थ... मुका. हजार वर्षं, फक्त मुका. मग लोकांनी बघितलं, हा बोलत नाही. म्हणाले, मठ्ठ. आता तोच अर्थ चालू. तुमचा... चालू शब्द." अंगठा दाबून पांढरा झाला होता. "मी मुकी आहे. थोडी. मठ्ठ नाही. इंग्रजांनी ते दोन... एक केले. तुम्ही करू नका."

संचालकांचे कान लाल झाले. ते पहिल्यांदाच बाईंकडे बघून बोलले. "किती नोंदी राहिल्यात?" "अकराशे... चाळीस." "छपाईला चार महिने आहेत. त्यापलीकडे एक दिवस थांबणार नाही. आणि तुमच्या प्रत्येक नोंदीवर यांची," त्यांनी खारूताईकडे हात केला, "दुसरी सही लागेल. चूक राहिली तर नाव कोशाचं जातं, बाई. हे मला करावंच लागेल." बाईंना ते टोचलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कार्डावर दुसरी सही कुणी मागितली नव्हती. पण म्हणणं खरं होतं, आणि खऱ्याशी त्यांचं भांडण नव्हतं. खारूताई खाली मान घालून म्हणाली, "मी फक्त सही करीन, बाई." "नाही," बाई म्हणाल्या, "वाचायचं. नीट. चुकले तर... सांगायचं. तोंडावर." मग संचालकांकडे वळल्या. "माझीही एक... ती. ती असते ना, करारात. कलमाच्या खाली." संचालकांचा ओठ हलला. अट, हा शब्द त्यांच्या जिभेवर आलेला सगळ्यांना दिसला. त्यांनी तो गिळला. शर्टाची बाही नीट करत ते थांबले. "...अट," बाई म्हणाल्या. "इथे माझं वाक्य कुणी संपवायचं नाही. कितीही वेळ..." आणि अगदी शेवटाशी त्या पुन्हा अडल्या. तिघंही माणसं शिक्षा झाल्यासारखी गप्प उभी. बाई कुठून कुठून फिरून आल्या, कपाळावरची शीर फुगली, आणि मग "लागला तरी" असं म्हणून त्यांनी ते संपवलं.

चार महिन्यांत अकराशे चाळीस नोंदी होतील की नाही, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं. जिन्यानं उतरताना नवऱ्यानं धरलेला हात त्यांनी सोडवला नाही. तळमजल्यावरच्या उपाहारगृहात जेवणाच्या सुट्टीची गर्दी होती. नवरा रांगेकडे निघाला तसं बाईंनी त्याला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाल्या. त्यांची पाळी आली. "काय देऊ?" खिडकीतल्या माणसानं विचारलं. मागे सात-आठ जण. बाईंना काय हवं ते पक्कं माहीत होतं, त्याचा रंग, वाफ, आल्याचा वास. त्यांनी वाट पाहिली. मागे कुणीतरी पाय बदलला, कुणीतरी "च्च" केलं. बाई वळल्या, त्या माणसाकडे एकदा नीट पाहून पुन्हा सावकाश पुढे वळल्या.

"कॉफी," त्या म्हणाल्या.

उभ्या आयुष्यात त्यांनी कॉफी घेतली नव्हती. कडू म्हणून घरात येऊ दिली नव्हती. शब्द बाहेर पडला त्याच क्षणी तो चुकीचा आहे हे त्यांना कळलं, आणि नवऱ्यालाही कळलं. त्याचं तोंड उघडलं, हात खिडकीकडे अर्धा गेला, आणि मग तो हात त्यानं परत घेऊन कोटाच्या खिशात घातला. "दोन," तो म्हणाला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी ते समोरासमोर बसले. बाईंनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की नवऱ्याला हसू आवरेना. "बदलून आणू का?" त्यानं विचारलं, आणि विचारून गप्प बसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग कप दोन्ही हातांनी धरला, आणि एकेक घोट घेत, तोंड वाकडं करत, तळाला गाळ दिसेपर्यंत पिऊन टाकला.